कृती नंतर, प्रश्न आधी: पुण्यात नव्याने शिकवू लागलेल्यांसाठी

बी.एड. किंवा डी.एल.एड. करून शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, वर्गात कोणत्या कृती घेऊ?" ज्ञानरचनावाद, कृतियुक्त अध्यापन, आनंददायी शिक्षण हे सगळं प्रशिक्षणात कानांवरून गेलेलं असतं. तक्ते, कार्डं, पीपीटी यांची तयारीही जोरात असते. ही तयारी वाया जात नाही, पण सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे. आज मुलांना कोणता प्रश्न पडायला हवा, हे आधी ठरवावं. तासभर कात्री-डिंक चालला, मुलं खूश झाली आणि घरी जाताना त्यांच्या आधीच्या समजुतीला धक्काही लागलेला नसेल, तर त्या तासात हात चालले, डोकं बसून राहिलं.

मी पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते आणि गेली काही वर्षं नव्या शिक्षकांबरोबर काम करते. एका पाठाबद्दल सविस्तर सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते बहुतेक सगळं त्यात आहे.

सातवी-आठवीच्या वर्गात विचारा, "सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?" उत्तर येईल, "रोज दुपारी बारा वाजता." मोठी माणसंही हेच सांगतात. चूक की बरोबर ते बोलू नका. प्रत्येकाला वहीत दोन अंदाज लिहायला सांगा: मैदानात उभ्या केलेल्या काठीची सावली सर्वांत लहान किती वाजता होईल, आणि तेव्हा ती कोणत्या दिशेला पडेल? पेनाने लिहायचं. मग शेजारच्याशी बोलायचं. मत बदललं तर खाली नवा अंदाज लिहायचा, पण जुना खोडायचा नाही. शेवटी कोणत्या अंदाजाला किती हात, ते फळ्यावर मांडायचं. एवढं होईपर्यंत मुलं त्या प्रश्नात अडकलेली असतात. स्वतः पैज लावल्यावर निकाल बघायची ओढ लागतेच.

आता मैदान. मीटरभर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि बारापासून सव्वापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. वर्गात पन्नास-साठ मुलं असतील तर गट पाडून पाळ्या लावा. मधली सुट्टी आणि एखादा ऑफ तास जोडून घेता येतो. मुख्याध्यापकांना आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. हा पाठ फेब्रुवारीत केला तर बारा वाजून जातात तरी सावली आखडतच राहते. साडेबाराला मुलांची कुजबुज सुरू होते. पावणेएकच्या पुढेमागे सावली थांबल्यासारखी वाटते आणि मग वाढू लागते. "बाई, घड्याळ चुकलंय का?" असं कुणीतरी विचारतंच. अशा वेळी उत्तर द्यायचा मोह आवरावा.

इथे अडचण येते आणि ती यायलाच हवी. सावली सर्वांत लहान होते त्या सुमारास तिच्या लांबीत फार कमी फरक पडतो. त्यामुळे एक गट 12:45 म्हणतो, दुसरा 12:55. भांडण होऊ द्या. नेमकी वेळ कशी काढायची, हा प्रश्न आता मुलांचा झालेला असतो. तेव्हा शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जुनी भारतीय पद्धत पुढे ठेवा: काठीभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक परिघाला कधी टेकतं आणि दुपारी पुन्हा कधी टेकतं ते टिपायचं. दोन वेळांच्या बरोबर मध्ये आपली माध्यान्ह. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषाही हाती येते. हेच पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर काढून दाखवलं असतं तर ती वहीत उतरवायची आणखी एक आकृती ठरली असती.

कारण समजावताना आठवीच्या भूगोलातला स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळेचा धडा उघडा. आपलं घड्याळ 82°30′ पूर्व रेखांशावर चालतं, पुणे आहे 73°50′ च्या आसपास. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे पुण्याची माध्यान्ह सरासरीने साधारण 35 मिनिटं उशिरा. हा हिशोब मुलं स्वतः करतात. फेब्रुवारीत त्यात अजून 14 मिनिटांची भर पडते, कारण पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा अगदी गोल नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उलटं होऊन सुमारे 16 मिनिटं कमी होतात. त्यामुळे तेव्हा हाच प्रयोग केला की उत्तर 12:20 च्या जवळ येतं. जमलं तर दोन्ही वेळा कराच.

दिशेचा अंदाजही मागे राहू नये. दोन्ही महिन्यांत दुपारची सावली उत्तरेला पडते, म्हणजे सूर्य तेव्हा डोक्यावर नसतोच. पुणे साधारण 18.5° उत्तर अक्षांशावर असल्याने तो वर्षातून दोनदाच बरोबर माथ्यावर येतो, 13 मेच्या आसपास आणि जुलै अखेरीस. मेमध्ये सुट्टी, जुलैत ढग. म्हणून मी हा सुट्टीतला अभ्यास म्हणून देते. मुलं गावोगाव गेलेली असतात, कोल्हापूरला हा दिवस पुण्याच्या आधी येतो आणि नागपूरला नंतर. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तासाला बोलायला ऐवज तयार असतो.

प्रश्न विचारल्यावर थांबणं ही वेगळी सवय आहे आणि नव्या शिक्षकांना ती सर्वांत जड जाते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्ग तपासले. त्यांना दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढतात. याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही, परवानगीही लागत नाही. मनात तीन आकडे मोजा.

शेजाऱ्याशी बोलू द्या असं मी आग्रहाने सांगते, त्याला पुण्यात आणखी एक कारण आहे. आपल्या वर्गात मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं असतात, घरी हिंदी, कन्नड किंवा बंजारा बोलणारी असतात. सगळ्या वर्गासमोर प्रमाण मराठीत उभं राहून बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा कोरडा पडतो. शेजारच्याशी मात्र ती आपल्या बोलीत विचार मांडतात, आणि एकदा विचार मांडला गेला की पुढे शब्दही सापडतात. त्या दोन मिनिटांत बाकांमधून फिरत नुसतं ऐका. कोणाला काय कळलंय हे चाचणीच्या कितीतरी आधी कळतं.

पोर्शनची काळजी खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. प्रत्येक धडा असा शिकवता येत नाही. सत्रात प्रत्येक विषयाचे दोन-तीन गाभ्याचे मुद्दे निवडा, तिथे वेळ द्या आणि बाकीचं सरळ, नीट समजावून पुढे जा. चांगलं समजावून सांगणं हीसुद्धा पद्धतच आहे. पालक वही बघतात, तेव्हा वहीत अंदाज, तक्ता, निष्कर्ष हे सगळं असू द्या.

शिक्षक म्हणून वाढायचं असेल तर शाळेत एक जोडीदार शोधा. आठवड्यातून एकदा तुम्ही त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसा, एकदा तो तुमच्या. शिक्षकाकडे बघूच नका. दोन मुलं निवडा आणि तासभर ती काय करतात, कधी बोलतात, कुठे अडतात तेवढं लिहा. नंतर चहा घेताना शेरे मारायचे नाहीत, पाहिलेलं तेवढंच सांगायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकांकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. सभागृहातली प्रशिक्षणं असतीलच, पण माझ्या मते खरी वाढ या मागच्या बाकावर होते.

पुण्यात असण्याचा फायदाही घ्या. विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र आहे, मुक्तांगण विज्ञान शोधिका. अरविंद गुप्ता यांनी तिथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडवली. काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून त्रिमितीय आकार कसे करायचे ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, मराठी पुस्तकंही आहेत. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नुसतं बसू नका, आपल्या मुलांच्या वह्या घेऊन जा.

खासगी शाळेत मुलाखतीला डेमो पाठ घ्यावा लागतो. तिथे पहिल्याच मिनिटाला साहित्याची पिशवी उघडू नका. एक प्रश्न विचारा, तीन आकडे मोजा, दोन मुलांची वेगवेगळी उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि वर्गाला विचारा, "यातलं कोणतं पटतं, आणि का?"