गोड्या पाण्याची जुनी टाकी खाऱ्यावर नेण्याआधी

गोड्या पाण्यातल्या माशांची जुनी टाकी खाऱ्या पाण्यातल्या समुद्री माशांसाठी वापरायची, तर ती उचलून आणण्याआधी विकणाऱ्याला एक गोष्ट विचारून घ्या: हिच्यात कधी औषध घातलं होतं का, आणि कोणतं? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची आणि गोगलगायी मारायची बरीच औषधं तांब्याची असतात. मासा तेवढं तांबं सोसतो. खाऱ्या टाकीत सफाईची भिस्त ज्यांच्यावर असते त्या गोगलगायी, कोळंब्या आणि शंखातले खेकडे मात्र त्यानं मरतात, आणि प्रवाळही टिकत नाही. जुने खडे आणि दगड तांबं धरून बसतात नि पुढे सोडत राहतात. सांध्यांचं सिलिकॉनही सोडतं की नाही, यावर हौशी लोकांत वाद चालूच असतो. त्यात न पडता टाकी धुवा, साध्या पाण्यानं भरा आणि चार दिवसांनी तांब्याच्या टेस्ट किटनं पाणी तपासा. विकणाऱ्याला आठवत नसेल, तर औषध घातलं होतं असंच धरून चाला.

सोबत मासे आले असतील, तर त्यांची सोय आधी करा. ओढ्यात किंवा तळ्यात सोडणं ही सोय नव्हे.

जुन्या सामानातलं फारसं काही ठेवायचं नसतं. रंगीत खडे, लाकूड, झाडं बाजूला काढा. खड्यांखाली बसवायचा फिल्टरही नको, त्याच्या खाली घाण साचत राहते. जुना स्पंज ‘तयार’ आहे म्हणून ठेवायचा मोह होतो, पण त्यातले माशांची घाण पचवणारे जिवाणू गोड्या पाण्याचे. एकदम खाऱ्यात टाकले की बहुतेक मरतात आणि उलट अमोनियात, म्हणजे घाणीतून सुटणाऱ्या विषात, भर घालतात. काच, चालू स्थितीतला हीटर आणि काठावर टांगायच्या फिल्टरचा सांगाडा एवढं राहिलं तरी पुष्कळ झालं. झाकणाला लोखंडी क्लिप किंवा स्क्रू असेल तर काढून टाका, खाऱ्या हवेत तो महिन्याभरात गंजतो.

काचेवरची पांढरी रेघ पांढऱ्या व्हिनेगरनं निघते. फडकं भिजवून अर्धा तास चिकटवून ठेवायचं, मग ब्लेडनं खरवडायचं, फक्त सिलिकॉनपासून लांब राहून. साबण अजिबात नको. ब्लीच वापरणार असाल तर व्हिनेगरच्या वेळी नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

गळती तपासायला टाकी कोऱ्या वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच सोडा. बारीक पाझर डोळ्यांना दिसत नाही. कोपऱ्याखाली कागदावर नाण्याएवढा करडा डाग मात्र लगेच उठतो. 60 सेंटिमीटर लांबीची टाकी पाणी, वाळू, दगड धरून पाऊणशे किलोच्या घरात जाते, तेव्हा स्टँड समतल आहे ना तेही याच वेळी बघा. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही.

आता पाणी. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं. नळाचं पाणी नको. आरओ फिल्टरनंतर डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) गेलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्याच्या आसपास असलेलं पाणी हवं. मीठ म्हणजे मत्स्यालयाचं सागरी मीठ. स्वयंपाकघरातल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे लागतं त्या प्रमाणात नसतं. बादलीत आधी पाणी घ्या, मग पंप चालू ठेवून त्यात मीठ सोडा. उलट केलंत तर बुडाशी पांढरा साका धरतो. लिटरला साधारण 35 ते 40 ग्रॅम लागतं, पाकिटावरचं प्रमाण पाहा. दिवसभर ढवळू द्या, 25 अंशांवर आणा आणि मग मोजा: विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.025 ते 1.026, म्हणजे दर हजारी 35 भाग क्षार. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवा, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षार मोजणाऱ्या उपकरणात) नको. तोही 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

फक्त पहिल्यांदा मीठ टाकीतच कालवलं तरी चालतं, कारण आत अजून कोणी नसतं. मग अ‍ॅरागोनाइट (चुन्याची, कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू आणि दगड. दगड आधी थेट काचेवर टेकवा आणि वाळू त्यांच्याभोवती पसरा, नाहीतर खाली उकरणारा मासा अख्खी रास पाडतो. समुद्री दगड हाताळताना हातमोजे घाला. प्रवाह हवा, म्हणून छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) पृष्ठभागाकडे रोखून लावा. हवेचा दगड काढून टाका, त्याचे बुडबुडे फुटून झाकणावर मिठाचे थर चढतात.

यानंतर चार ते सहा आठवडे मासा नाही. खाऱ्या पाण्यातले घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून थोडा अमोनिया घालायचा आणि तपासत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट उरतं. मधे वाळूवर तपकिरी शेवाळ पसरतं, ते आपोआप ओसरतं.

रिकाम्या दिवसांत एक सवय लावून घ्या. काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची टेपनं खूण करा आणि पाणी उतरलं की रोज तिथवर भरा, पण गोड्या पाण्यानं. उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. 60 लिटरमधून रोज अर्धा लिटर उडालं, तर आठवड्यात 35 चे 37 च्या वर जातात. मी सुरुवातीला इमानेइतबारे खारं पाणीच भरत होतो, आणि गोगलगायी शंखात का शिरून बसल्यात ते कळत नव्हतं.

एवढ्याशा टाकीत क्लाउनफिशची एक जोडी किंवा एखादी गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा), बस. आणल्यावर पिशवी तरंगत ठेवा, टाकीतलं पाणी त्यात थोडं थोडं मिसळा, मासा जाळीनं उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. दुकानातल्या माशांच्या पाण्यात बऱ्याचदा तांब्याचं औषध चालूच असतं.