विद्यापीठाच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघात खेळायचंय? जुलैतच कागद जुळवा

पोरांनो, तुमचा थ्रो कितीही जोरात असू दे, पात्रता फॉर्मवर प्राचार्यांचा शिक्का नसेल तर मैदानात उतरता येत नाही. मी कऱ्हाडला मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. प्रवेश सुरू असतानाच एकेकीला बसवून कागद तपासते, कारण निवड चाचणीच्या आठवड्यात दाखल्यासाठी धावणं फार जिवावर येतं.

अकरावी-बारावीचे खेळाडू शालेय स्पर्धांच्या १९ वर्षांखालील गटात. तिथला कारभार जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं. एफवायपासून पुढं सातारा-सांगलीची बहुतेक महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाकडून खेळतात, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला भारतीय विश्वविद्यालय संघाचे नियम लागतात.

तुमचा प्रवेश नियमित, पूर्णवेळ आणि किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला हवा. बहिःस्थ चालत नाही. शिरवळच्या कंपनीत पूर्णवेळ नोकरी आणि कॉलेजात नुसतं नाव, असंही चालत नाही.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती किती वर्षं खेळता येतं, त्या हिशेबात. आपल्याकडं बारावीनंतर पोलीस नाहीतर सैन्यभरतीच्या तयारीत दोन-तीन वर्षं घालवून मग कॉलेजला येणारे खूप. ती वर्षंसुद्धा धरली जातात, कारण मोजणी बारावी पास झाल्यापासून होते. वय मात्र १ जुलैला किती, ते बघतात. यंदाच्या परिपत्रकातली वयोमर्यादा क्रीडा शिक्षकांकडून वाचून घ्या, मागच्या वर्षीच्या खेळाडूच्या सांगण्यावर जाऊ नका.

पदवी अर्धवट सोडून पुण्याहून इकडं येणार असाल, तर प्रवेशाआधीच क्रीडा विभागात विचारा. विद्यापीठ बदलल्यावर पहिलं वर्ष हातचं जाऊ शकतं. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून तर खेळताच येत नाही.

दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. लग्न झालेल्या पोरींनो, तुमच्याकडं मी मुद्दाम बघते आहे: आधारवर सासरचं नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असेल, तर नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत लावा. लग्न झालं म्हणून खेळ सोडायचं काहीच कारण नाही.

दोन्ही खेळांत मुलांचे आणि मुलींचे संघ असतात. दोन्ही खेळायचे असतील तर फॉर्मही दोन भरा. स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की लगेच लॅमिनेट करू नका. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्याची पडताळणी होते, तेव्हा मूळ कागद स्वच्छ लागतो.