जुन्या गाडीचं वायरिंग: आधी थिंबल ठरवा, मग पक्कड घ्या

मागच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, आमच्या फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या, डॅशबोर्डखालचा एक जोड उघडला. काळ्या टेपचा गोंद काकवीसारखा ओघळून बोटांना चिकटत होता. आत दोन वायरी नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या. तांबं हिरवं-काळं पडलेलं आणि त्यातली एक वायर चक्क घराच्या वायरिंगची, जाड एकाच तारेची. नागपूरच्या वर्धा रोडवर रात्री हेडलाइट का मिणमिणत होते ते तेव्हा कळलं. बल्ब दोनदा बदलून झाले होते, बॅटरीही नवी होती.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीत वायर सहसा मरत नाही, जोड मरतो. म्हणून सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, उपटून नवं टाकण्याआधी जोड नीट करा. त्यासाठी महागडा संच लागत नाही, योग्य वस्तू योग्य क्रमाने घ्याव्या लागतात.

दुकानात जाण्याआधी

जोड उघडण्याआधी बॅटरीची चासिसला जोडलेली बाजू सोडा. आपल्याकडे ती बहुधा मायनस असते. फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस चासिसला असू शकतो, त्यामुळे डोळ्यांनी खात्री करा.

खराब जोड शोधायला मात्र बॅटरी जोडलेली आणि दिवे चालू हवेत. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं हेडलाइटच्या अर्थच्या पिनवर. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक आहे. अर्धा व्होल्ट आला तर दोष अर्थमध्ये आहे, बल्बला बोल लावू नका. अर्थची वायर पत्र्याला आवळणारा बोल्ट सोडा, पत्रा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

मग वही घ्या. प्रत्येक खराब जोडापुढे तीन गोष्टी लिहा: वायरीचा रंग, जाडी आणि थिंबलचा, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोकाचा, प्रकार. जुन्या अँबेसिडरमध्ये लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे रंग दिसतात. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय. पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळ्या हेडलाइटच्या, लाल पार्किंगच्या, काळी अर्थ. फियाटचे रंग वेगळे, तिथे हा हिशेब लावू नका. आणि मधल्या काळात कुणी मिस्त्रीने हाताला लागेल ती वायर जोडली असेल, तर रंगापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा.

थिंबल कोणतं?

रुंद पत्तीचं मेल-फिमेल थिंबल म्हणजे ६.३ मिलिमीटरचं. स्विच, फ्यूज डबा, रिले, सगळीकडे हेच भेटतं. लुकासच्या वायरिंगमध्ये गोळीसारखं बुलेट थिंबल असतं, व्यास ४.७ मिलिमीटर. इथे फसगत होते. मोटरसायकलचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळणारी बुलेट साधारण ४ मिलिमीटरची असते. जुन्या स्लीव्हमध्ये, म्हणजे दोन बुलेट जोडणाऱ्या नळीत, ती जाते, पण सैल बसते आणि सैल जोड तापतो. म्हणून जुनी बुलेट सोबत न्या किंवा बुलेट आणि स्लीव्ह दोन्ही नवी घ्या.

लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकची थिंबलं इथे बर्डीच्या बाजारात कुठेही मिळतात. लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर वायरीला, निळं १.५ ते २.५, पिवळं ४ ते ६. ती वाईट नाहीत, पण जुन्या गाडीला मी पितळेचं उघडं थिंबल आणि वर झाकायला वेगळी इन्सुलेशनची स्लीव्ह हेच लावतो. जोड नीट बसला का हे त्यात डोळ्यांना दिसतं, आणि गाडीचं मूळ रूपही राहतं.

खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक असू द्या. थिंबल चुंबकाला चिकटलं तर ते पितळ नाही, मुलामा दिलेलं लोखंड आहे. एका पावसाळ्यात गंजेल.

वायर न कापता फाटा काढता येतो तसली क्लिप, म्हणजे चालू वायरीवर दाबली की पातं आत घुसतं ती, मात्र जुन्या गाडीत अजिबात नको. ती तारा तोडते आणि आत ओल जायला वाट करून देते.

वायर

गाडीला बारीक तारांचीच वायर हवी, हादऱ्यांत एकतारी वायर तुटते. जाडीचा हिशेब सोपा आहे. ५५ वॉटचे दोन डिपर (हेडलाइटचा खालचा झोत) मिळून ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून थोडं जास्त. स्विचपर्यंतची सामायिक वायर १ चौरस मिलिमीटरची आणि ५ मीटर लांब असेल, तर वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट गळतात आणि प्रकाश साधारण पाचव्या हिश्शाने घटतो. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर गळती ०.३ व्होल्टच्या आसपास येते. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. नागपूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली हा फरक जाणवण्याइतका असतो.

दुकानात वायरीची एक तार पात्याने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. परत ठेवा.

पक्कड सगळ्यात शेवटी

बहुतेक लोक आधी क्रिंपिंगची, म्हणजे थिंबल वायरीवर दाबून बसवायची, पक्कड घेतात आणि मग तिच्यात बसेल ते थिंबल शोधतात. उलट करा. प्लास्टिकवाल्या थिंबलला लंबगोल जबडा लागतो. उघड्या थिंबलला असा जबडा लागतो, जो त्याचे दोन्ही कान आत वळवून तारांत रुतवतो. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही, आणि साध्या पकडीने चेपणं म्हणजे जोड नव्हे. जबडे बदलता येणारी रॅचेटवाली पक्कड घ्या. पूर्ण दाब बसल्याशिवाय ती उघडतच नाही, त्यामुळे हात थकला तरी शेवटचा जोड पहिल्यासारखाच बसतो. सोबत चांगला स्ट्रिपर हवा. दाताने किंवा ब्लेडने सोललं की चार-दोन तारा कापल्या जातात आणि तिथूनच पुढे वायर तुटते.

आता जोड. आधी वायरीत स्लीव्ह ओवा, हे विसरलं की सगळं पुन्हा करावं लागतं. पाचेक मिलिमीटर सोला. तारांना पीळ न देता थिंबलमध्ये ठेवा. उघड्या थिंबलला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची तांब्यावर बसते, मागची इन्सुलेशनवर. दोन्हींच्या मधल्या फटीत तांबं आणि इन्सुलेशनची कड दोन्ही दिसली पाहिजेत, आणि पुढच्या कानांच्या बाहेर तांबं साधारण एक मिलिमीटर डोकावलं पाहिजे. दाबा. मग थिंबल पकडून वायर जोराने ओढा. निघाली तर कापून पुन्हा करा. सुरुवातीला दोन-तीन जोड फालतू तुकड्यांवर करून एक आडवा कापून बघा. तारा एकमेकींत दाबून घट्ट झालेल्या दिसाव्यात, मध्ये पोकळी नको.

डाग द्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. चांगल्या क्रिंपवर नको. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी वायर नेमकी त्याच्या कडेला मोडते. मूळ सोल्डरचीच बुलेट असेल तर जरूर द्या, पण राळेचं फ्लक्स असलेली तार वापरा. नळकामाची आम्लवाली पेस्ट तांबं खाते.

झाकायला बॉनेटखाली आतून गोंद असलेली, गरम केली की आकसणारी श्रिंक स्लीव्ह, आणि हार्नेस गुंडाळायला कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप आपल्या उन्हात टिकत नाही, सुरुवातीला सांगितलेला जोड त्याचाच पुरावा.

फ्यूज बदलताना लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा आकडा जपून वाचा. त्यावरचा ३५ हा वितळण्याचा आकडा आहे, तो सतत १७ अँपिअरच वाहतो. त्याच्या जागी ३५ लिहिलेला आधुनिक फ्यूज टाकला तर फ्यूजआधी वायर जळेल. १७ला सर्वात जवळचा, १५ अँपिअरचा, टाका.

शेवटी बॅटरी जोडा, इंजिन सुरू करून डिपर लावा आणि दहा मिनिटं थांबा. मग एकेका जोडाला बोट लावा. आजूबाजूच्या वायरीपेक्षा गरम लागणारा जोड त्याच दिवशी कापून नवा करा, आणि बदललेल्या वायरींची नोंद वहीतून फाडून डॅशबोर्डच्या खणात ठेवा.