बालगृहात दिवाळी साजरी करताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बालगृहाच्या फाटकाशी एकामागून एक गाड्या लागतात. प्रत्येक गाडीतून फराळाची खोकी उतरतात, प्रत्येक गट मुलांना गोलात बसवतो आणि पाहुण्यांसाठी गाणं म्हणायला सांगतो. दुपारी चार वाजता आलेल्या गटाला पत्ताही नसतो, की मुलं सकाळपासून तेच स्वागतगीत तिसऱ्यांदा म्हणताहेत. दरवर्षी हेच घडतं, आणि निघण्याआधी एक फोन केला असता तर ते टळलं असतं.

फोन न करता किंवा आदल्या दिवशी फोन करून जाणं

अधीक्षकांना किमान तीन आठवडे आधी फोन करा. त्या दिवशी हजर मुलं किती असतील, वयोगट कोणते, मुलं-मुली किती, दुसरा गट येतोय का, काय आणलेलं चालत नाही, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पटावरची संख्या विचारू नका, हजर संख्या विचारा. बालगृहातली सगळी मुलं अनाथ असतात हा बाहेरच्यांचा समज चुकीचा आहे. कुणाला आई आहे पण घर नाही, कुणाला आजी आहे पण तिचं वय झालंय. अशी बरीच मुलं बाल कल्याण समितीच्या, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या, परवानगीने सुट्टीत काही दिवस नातेवाइकांकडे जातात. ऐन लक्ष्मीपूजनाला मागे उरतात ती ज्यांना न्यायला कुणी येत नाही ती. या मुलांची दिवाळी फार लांबते. म्हणून आमचं ठाम मत : रविवारच्या गर्दीत सहावा गट होऊ नका. पाडवा-भाऊबीज उलटल्यावर, शाळा सुरू व्हायच्या आत जा. तेव्हा ना खोकी येतात ना माणसं.

भेटवस्तू मोजून नेणं

ही चूक आम्हाला सगळ्यात जास्त खुपते.

एका बालगृहात घडलेला प्रसंग. अधीक्षकांनी ३८ मुलं सांगितली होती. गटाने हिशेबीपणाने ४० पिशव्या आणल्या, प्रत्येकीत कपडे, रंगपेटी आणि खाऊ. आदल्या रात्री समितीने दोन भाऊ दाखल केले होते, म्हणजे ४० झाली. सुट्टीवर जायचा होता तो एक मुलगा गेलाच नाही, ४१. आवारातच राहणाऱ्या काळजीवाहक मावशींची दोन मुलंही रांगेत होती, ४३. नावं पुकारून वाटप चालू होतं. नव्याने आलेल्यांची नावं यादीत नसल्याने ती दोघं शेवटी उरली, त्यांच्यासोबत मावशींची धाकटी. मग कुणीतरी गाडीतून बिस्किटांचे पुडे आणून त्या तिघांच्या हातात दिले. घर सुटून ज्यांना पुरती एक रात्रही झाली नव्हती, त्यांना बालगृहातल्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर कळलं की आपल्यासाठी काही आणलेलं नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. हजर संख्येवर दहा-पंधरा टक्के जास्त न्या आणि आवारात राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची मुलं त्यात आधीच धरा. एका वयोगटाला अगदी सारखी वस्तू द्या. एकाला निळी बॅट आणि दुसऱ्याला बुद्धिबळ दिलं की संध्याकाळपर्यंत मारामारी होते आणि ती सोडवायला तुम्ही तिथे नसता. उरलेल्या पिशव्या परत नेऊ नका, अधीक्षकांकडे ठेवा. पुढच्या आठवड्यात दाखल होणाऱ्या मुलाला त्या लागतात.

वाटप स्टेजवरून करू नका. रांग नको, पुकारा नको, देणगीदाराच्या नावाचा फलक नको. पिशवीवर मुलाचं नाव लिहा आणि ती मावशींच्या हातून त्याला मिळू द्या. उरलेलं वर्ष त्यांचंच ऐकायचं असतं, तेव्हा दिवाळीचा कपडाही त्यांच्याच हातून आलेला बरा.

कपडे वयावरून घेऊ नका. बालगृहात आलेलं दहा वर्षांचं मूल अंगाने बरेचदा आठ वर्षांच्या मुलाएवढं असतं. मावशींकडून प्रत्येकाचं छातीचं माप आणि उंची मागवा. शंका असेल तिथे एक माप मोठं घ्या, मोठा कपडा पुढच्या वर्षीही चालतो, तोकडा त्याच दिवशी वाया जातो. चपलांसाठी मुलाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या लांबीत एक सेंटिमीटर मिळवायचा. आणि वापरलेले कपडे दिवाळीला नकोत, कितीही चांगले असले तरी.

दोन तासांत किल्ला उभा करायचा हट्ट

किल्ला ही कल्पना उत्तमच, मुलं त्यात तहानभूक विसरतात. पण गट सकाळी दहाला येतो आणि बाराला त्याला फोटोसाठी हिरवागार किल्ला हवा असतो. मग बाजारातला तयार थर्माकोलचा किल्ला येतो, नाहीतर दादालोक स्वतःच चिखलात हात घालतात आणि मुलं कडेला उभी राहून बघतात. घाई असेल तर किल्ल्याच्या वाटेला जाऊच नका.

किल्ल्याला दोन भेटी लागतात. पहिली वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी. साधारण चार बाय चार फुटांच्या किल्ल्याला दहा-बारा विटा, थोडे दगड, दोन-तीन जुनी गोणपाटं आणि पाच-सहा घमेली चाळलेली माती पुरते. विटा-दगडांचा उतार रचायचा, त्यावर भिजवलेलं गोणपाट अंथरायचं आणि वर थापता येईल इतपत घट्ट चिखल लिंपायचा. चिखल पातळ झाला तर रात्रीत उतार खाली बसतो. गोणपाट न घालता नुसती माती रचली तर वाळून भेगा पडतात. तटबंदी आणि बुरूज मुलांनाच करू द्या, वाकडे झाले तरी. ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी भुरभुरायची आणि दोन वेळा हाताने पाणी शिंपडायचं. मगने ओतलं की बी ओघळून पायथ्याशी गोळा होतं आणि वर टक्कल राहतं. चार-पाच दिवसांत हिरवळ येते. शिंपण्याची जबाबदारी दोन मुलांना नाव घेऊन द्या. दुसऱ्या भेटीत महाराज, मावळे, पायथ्याची गावं मांडायची.

एकच दिवस हाताशी असेल तर आकाशकंदील करा. काड्या घरीच मापात कापून, टोकं घासून न्या. पतंगी कागद आणि शिजवलेली खळही तयार न्या. चार-पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा, कात्र्या बोथट टोकाच्या हव्यात. आत पणती किंवा मेणबत्ती नाही, फक्त एलईडी दिवा.

फराळाचा मारा

तीन गटांचा फराळ एकाच दिवशी पोटात गेला की रात्री उलट्या सुरू होतात, आणि रात्री त्या मजल्यावर बहुतेकदा एकच मावशी असतात. खव्याची, बंगाली किंवा दुधाची मिठाई नेऊ नका. नेलीच तर ती कधीपर्यंत खायची ते पाहून घ्या. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटासमोर ही तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना शेंगदाण्याचा चिवडा आणि अख्खे काजू देऊ नका, घशात अडकतात.

आमची पसंती कोरड्या शिध्याला. रवा, बेसन, साखर, तूप, भाजणी दोन आठवडे आधी पोचवा. एक किलो बेसनाचे मध्यम आकाराचे पन्नास-साठ लाडू होतात, त्यावरून हिशेब करा. स्वयंपाकाच्या मावशींबरोबर मोठी मुलं लाडू वळतात, करंज्या कातरतात, आणि घरात तळणाचा वास सुटतो. विकतच्या खोक्यातून हा वास येत नाही.

फोटो

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपल्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो तासाभरात कुठे जाईल ते सांगता येत नाही. चेहऱ्यावर हसरी खूण चिकटवली तरी मागे शाळेच्या गणवेशाचा बिल्ला दिसतो, संस्थेची पाटी दिसते. काही मुलं त्रास देणाऱ्या माणसांपासून सुरक्षित राहावीत म्हणूनच तिथे ठेवलेली असतात, आणि तो माणूसही फोन वापरतो. आल्या आल्या सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून कार्यालयात ठेवा. फोटो हवाच असेल तर कंदिलाचा घ्या, किल्ल्याचा घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

‘तुझे आईबाबा कुठे असतात?’ हे विचारायचं नाही. ‘किल्ल्यावर तोफ कुठे ठेवायची?’ हे विचारा.

‘परत येईन’ म्हणायचं असेल तर तारीख अधीक्षकांच्या वहीत लिहून मगच म्हणा. मुलं रविवार मोजतात.

सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. एकाचा ताप आठवड्यात पूर्ण शयनगृहात फिरतो.

उटणं नेण्याआधी विचारा. खरूज किंवा पुरळ असलेल्या मुलाला ते झोंबतं. पंचा मात्र प्रत्येकाचा वेगळा न्या.

भाऊबीजेला पाहुण्या दादांना मुलींकडून ओवाळून घेण्याची प्रथा आम्हाला अजिबात मान्य नाही. एका दिवसापुरता भाऊ देऊन संध्याकाळी तो काढून घेणं मुलीवर अन्याय आहे. संस्थेतल्या मुलामुलींना एकमेकांना ओवाळू द्या, ओवाळणी मावशींकडे आधी देऊन ठेवा.

पावतीवरून ऐनवेळी वाद नको. संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता (80जी) असली तरी वस्तूंच्या दानावर ती सवलत मिळत नाही, आणि रोख रक्कम २,००० रुपयांच्या वर असेल तरीही नाही. धनादेश द्या.

फटाके

आधी अधीक्षकांना विचारा. घरातली मारहाण पाहिलेलं मूल सुतळी बॉम्बच्या आवाजाने पलंगाखाली जाऊन बसतं. आवाजाचं काहीच नेऊ नका. फुलबाज्या चालतील, पण दोन मुलांमागे एक मोठा, अंगात सुती कपडे, पायात चपला. पेटत्या फुलबाजीचं तापमान १००० अंशांच्या वर जातं आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते, म्हणून पाण्याची बादली आधी भरायची, पुडा नंतर फोडायचा. भाजलंच तर तो भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका आणि फोड आला तर दवाखाना.

कार्यक्रमाच्या वेळेतला शेवटचा पाऊण तास आवराआवरीसाठी राखून ठेवा. खोकी, चकाकते कागद, कागदी ताटल्या गाडीत घालून परत न्या, बालगृहाच्या कचऱ्यात टाकू नका. अंगणात विजेरी घेऊन एक फेरी मारा आणि पेटवलेल्या फुलबाज्यांइतक्या तारा बादलीत आल्यात का ते मोजा. सकाळी मुलं तिथेच अनवाणी लगोरी खेळतात.