प्रोसेसरचा कूलर उघडण्याआधीची तयारी

कूलर काढून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवणारा मधला लेप) लावायची असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी तापमान लिहून ठेवा. एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम सुरू करा, कॉम्प्युटर १० मिनिटं नुसता चालू ठेवून एक आकडा घ्या, मग सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण लोड, म्हणजे भार, टाकणारा प्रोग्रॅम १० मिनिटं चालवून दुसरा. शेजारी फॅनचा वेग, प्रोसेसर किती वॅट घेतोय ते आणि खोलीचं तापमानही टिपा. खोली २५ अंशांवर असताना आलेले ७५ आणि खोली ३५ वर असताना आलेले ८५, दोन्हींत कूलरचं काम जवळपास सारखंच आहे. खोलीचा आकडा नसेल तर आधीच्या आणि नंतरच्या तुलनेला काही अर्थ राहत नाही.

हे आकडेच पुढचं काम ठरवतात. लोड येताच एक-दोन सेकंदांत तापमान थेट मर्यादेला भिडत असेल, आणि वॅट फारसे नसतील, तर उष्णता प्रोसेसरकडून हीटसिंककडे (कूलरचा धातूच्या पात्यांचा भाग) नीट जातच नाही: पेस्ट वाळली आहे किंवा कूलरचा एखादा कोपरा उचलला गेला आहे. तापमान पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत असेल तर दोष बहुधा हवेचा असतो. अशा वेळी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. आकडा पाच-सात अंशांनी उतरला तर पेस्टला हात लावायची गरज नाही. जाळ्या आणि हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा. हवेचा झोत मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होतं. आणि नुसता ९५ चा आकडा पाहून घाबरू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले एक्स प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत.

कूलर उघडायचंच ठरलं तर सामान आधी टेबलावर मांडा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध हवं, ९९ मिळालं तर उत्तम. ७० टक्केवाल्यात पाणी जास्त असल्याने ते उशिरा सुकतं. पुसायला तंतू न सोडणारं कापड किंवा कॉफी फिल्टरचा कागद घ्या, टिश्यू पेपर नको. लांब दांड्याचा दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, स्क्रूंसाठी वाटी, टॉर्च आणि वीजवाहक नसलेली साधी पेस्ट एवढं पुरतं. लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू) वाटेला जाऊ नका: त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं आणि एक थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट होतो.

नवा कूलर घेणार असाल तर मापं खरेदीआधीच जुळवा. ती सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेवर, अवलंबून असतात. इंटेलच्या एलजीए१२०० सॉकेटभोवतीची कूलरची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर असतात, एलजीए१७०० ची ७८ वर. जुना ब्रॅकेट तिथे बसत नाही. एएमडीच्या एएम५ मध्ये मदरबोर्डच्या मागची पट्टी सॉकेटलाच जोडलेली असते, म्हणून स्वतःची वेगळी पट्टी लागणारा कूलर तिथे चालत नाही. १२० मिलिमीटर फॅनचे टॉवर कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटची मर्यादा आणि रॅमची उंची दोन्ही तपासा. वॅट पाहताना पेटीवरच्या मूळ आकड्यावर जाऊ नका. कोअर आय९-१३९००के चा मूळ आकडा १२५ वॅट आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे लोड आल्यावर वेग वाढवतो तेव्हा, तो २५३ पर्यंत घेतो.

काढण्याच्या आधी कॉम्प्युटर १० मिनिटं लोडवर चालवा म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये इथे खरी जपणूक हवी. पिना प्रोसेसरच्या खाली असतात, आणि कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो. आधी कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा, चिकटण सुटल्याचं जाणवलं की मगच उचला. एएम५ आणि इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये धातूची चौकट प्रोसेसर धरून ठेवते, त्यामुळे ही भीती नाही.

जुनी पेस्ट दोन्ही बाजूंनी चमक येईपर्यंत पुसा. नवी पेस्ट मधोमध ४-५ मिलिमीटरचा ठिपका. एलजीए१७०० सारख्या लांबट प्रोसेसरवर लांबीच्या दिशेने बारीक रेघ. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येईल, कमी पडली तर कोपरे कोरडे राहतील. नव्या कूलरच्या तळावरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढलाय ना, ते पुन्हा एकदा पाहा. तो तसाच राहणं ही नेहमीची चूक आहे. स्क्रू तिरप्या जोड्यांत, दोन-दोन वळसे देत घट्ट करा. फॅनची हवा चौकटीच्या आडव्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते, ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या फॅनकडे असू द्या. वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या चार पिनांवरच जोडा, नाहीतर बहुतेक मदरबोर्ड सुरू होतानाच फॅनची चूक दाखवतात.

शेवटी तीच चाचणी, तेवढाच वेळ. फरक पडला नाही तर कूलर उचलून पेस्टचा ठसा बघा. एका बाजूला जाड थर आणि दुसरीकडे पातळ असेल तर स्क्रू असमान बसलेत. सगळं पुसून नवी पेस्ट लावूनच परत बसवा. एकदा उचललेल्या पेस्टमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात.