६५०२ वर घरचा ८-बिट कॉम्प्युटर: आधी प्रोसेसर एकटा पळवून बघा

घरी जुन्या पद्धतीचा ८-बिट कॉम्प्युटर करायचा म्हटलं की बरेच जण सगळ्या चिप्स एकदम आणतात, एका बैठकीत सगळ्या वायरी खोचून टाकतात, पॉवर देतात आणि मग काहीच होत नाही, आणि त्या वायरींच्या जंजाळात चूक कुठे आहे ते शोधायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. म्हणून आधीच सांगतो, एका वेळी एकच चिप लावा आणि ती चालतेय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढची हातात घेऊ नका.

प्रोसेसर ६५०२ घ्या. मूळ चिप १९७५ ची, ॲपल टू आणि बीबीसी मायक्रो यांच्यात हीच होती. आज नवीन मिळते ती ६५सी०२, आणि आपल्या कामासाठी ती मूळ चिपपेक्षाही चांगली, कारण क्लॉक (प्रोसेसरला ठोके देणारा सिग्नल) पूर्ण थांबवला तरी ही चिप रजिस्टरमधलं, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या साठवणीतलं, काही विसरत नाही, जुनी विसरते. म्हणजे बटण दाबून एकेक ठोका देत आत काय चाललंय ते बघत बसता येतं, आणि माझ्या मते या छंदातली खरी मजा तीच आहे. फक्त एक सांभाळा, जुन्या चिपच्या डायग्राममध्ये १ नंबरची पिन ग्राउंडला दिसेल पण नव्या, डब्ल्यूडीसी कंपनीच्या चिपवर ती आउटपुट आहे, तिला काही जोडू नका.

ब्रेडबोर्ड चांगल्या दर्जाचे घ्या, यात काटकसर नको, ढिले क्लिप असले की डोकं फिरतं. ५ व्होल्टचा सप्लाय, ५५५ या टायमर चिपचा हळू चालणारा क्लॉक, थोडे एलईडी, १ किलोओमचे भरपूर रेझिस्टर, आणि प्रत्येक चिपच्या पॉवर पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मल्टिमीटर तर हवाच.

आता पहिला प्रयोग, यात रॉम नाही, रॅम नाही, काहीच नाही. ८ नंबरच्या पिनला ५ व्होल्ट, २१ ला ग्राउंड, ३७ ला क्लॉक. रिसेट म्हणजे ४० नंबरची पिन रेझिस्टरने वर ओढायची आणि बटणाने ग्राउंडला न्यायची, बटण दोन ठोके तरी दाबून धरा, क्लॉक हळू असेल तर तेवढा वेळ थांबावं लागतं. मग डेटाच्या आठ लाइन्स. ६५०२ मध्ये "काही करू नकोस" या आज्ञेचा कोड हेक्समध्ये ईए आहे, म्हणजे डी७ पासून डी० पर्यंत १ १ १ ० १ ० १ ०. जिथे १ तिथे रेझिस्टरमधून ५ व्होल्ट, जिथे ० तिथे रेझिस्टरमधून ग्राउंड. ॲड्रेसच्या खालच्या चार-पाच लाइन्सना रेझिस्टर घालून एलईडी लावा. रिसेट सोडला की सात ठोके प्रोसेसरची स्वतःची तयारी चालते आणि मग एलईडी बायनरीत मोजायला लागतात, पत्ता दर दोन ठोक्यांनी एकने वाढतो कारण या आज्ञेला दोन ठोके लागतात. पहिल्यांदा ते मोजताना बघितलं तेव्हा मी किती वेळ नुसता बघत बसलो होतो!

माझं हे पहिल्या दिवशी चाललं नव्हतं. एलईडी कसेही लुकलुकायचे, बोर्डाजवळ हात नेला की पॅटर्न बदलायचा, मला वाटलं चिपच खराब. तीन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी लक्षात आलं की न वापरलेल्या इनपुट पिना मी मोकळ्या सोडल्यात. आरडीवाय, आयआरक्यू, एनएमआय, बीई आणि एसओ, म्हणजे पिन २, ४, ६, ३६ आणि ३८, या सगळ्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला बांधा. आरडीवायला तर रेझिस्टर हवाच, कारण ती पिन चिप स्वतःही खाली ओढू शकते.

हे जमलं की डेटाचे रेझिस्टर काढा आणि २८सी२५६ ईईप्रॉम लावा, म्हणजे पुन्हा लिहिता येणारी रॉम, ३२ केबी. इथे हमखास गोंधळ होतो तो रिसेटच्या पत्त्याचा. प्रोसेसर प्रोग्राम कुठून सुरू करायचा हे एफएफएफसी आणि एफएफएफडी या दोन जागांवरून (इथून पुढचे पत्ते आणि कोड सगळे हेक्समध्ये) वाचतो, आणि खालचा बाइट आधी. रॉम ८००० पासून बसवली तर पहिल्या जागी ०० आणि दुसऱ्या जागी ८० हवं, आणि रॉमच्या फाइलमध्ये त्या जागा ७एफएफसी आणि ७एफएफडी येतात. हे उलटं झालं तर प्रोसेसर भलतीकडेच जातो. लिहिलेलं चिपमध्ये टिकतच नसेल तर सॉफ्टवेअर प्रोटेक्शन, म्हणजे चुकून लिहिलं जाऊ नये म्हणून चिपमध्ये असलेलं कुलूप, चालू आहे का बघा.

कुठला पत्ता कुठल्या चिपचा ते वाटायला एकच ७४एचसी०० पुरते, तिच्यात चार नॅंड गेट असतात (दोन्ही इनपुट १ असतील तरच आउटपुट ०). ए१५, म्हणजे ॲड्रेसची सगळ्यात वरची लाइन, उलटा करून रॉमच्या सिलेक्टला (चिप निवडणारी पिन). तो उलटा ए१५ आणि ए१४ एका नॅंडमधून ६५सी२२ (एलईडी वगैरे जोडायचे पोर्ट देणारी चिप) च्या उलट्या सिलेक्टला, त्याच्या सरळ सिलेक्टला ए१३, झाली पोर्टची जागा ६००० पासून. रॅम ६२२५६, तिच्या सिलेक्टला उलटा ए१५ आणि क्लॉक यांचा नॅंड, आउटपुट एनेबलला ए१४. क्लॉक यात हवाच, नाहीतर पत्ता अजून स्थिर व्हायच्या आत रॅम भलत्याच जागी लिहून मोकळी होते. चौथा गेट उरतो, त्याचे इनपुट ग्राउंडला.

पहिला प्रोग्राम हाताने लिहा, असेंब्लर (आज्ञांचे कोड आपोआप करून देणारा प्रोग्राम) नंतर. ए९ एफएफ, ८डी ०२ ६०, म्हणजे पोर्ट बी च्या आठही पिना आउटपुट. मग ए९ ५०, ८डी ०० ६०, म्हणजे ५० पोर्टवर टाक. मग ६ए ने बिट एकेक घर उजवीकडे सरकव, ८डी ०० ६० ने परत पोर्टवर टाक, आणि ४सी ०ए ८० ने मागे ६ए वर उडी. सतरा बाइट, रॅमला हातही न लावता पोर्टच्या एलईडींवर उजेड पळतो. सबरूटीन, म्हणजे काम करून मूळ जागी परत येणारे प्रोग्रामचे तुकडे, मात्र रॅमशिवाय चालणार नाहीत कारण परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठवणीत, जातो आणि स्टॅक ०१०० ते ०१एफएफ मध्ये असतो. त्यामुळे रॅम लावली की सगळ्यात आधी एक छोटं सबरूटीन लिहा, नीट परत आलं तर वाचणं-लिहिणं दोन्ही ठीक.

अडलात तर २४ मोकळ्या पिना असलेला एखादा अर्डुइनो मेगा बोर्ड पत्त्याच्या आणि डेटाच्या लाइन्सना जोडा, क्लॉक त्याच्या इंटरप्ट पिनला, आणि दर ठोक्याला पत्ता आणि डेटा छापून घ्या, ५५५ च्या हळू क्लॉकवर तो आरामात पुरतो. १ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर त्यानंतरच लावा, हे सगळं हळू क्लॉकवर रात्रभर न चुकता चाललं की.