वर्गात ऑनलाइन बुकमार्क आणि टिपणे वापरताना या चुका टाळा

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने केलेली खूण बहुतेक वेळा स्वतःपुरतीच असते. तीच खूण ऑनलाइन पानावर केली की ती वर्गातल्या सगळ्यांना, आणि कधी कधी साऱ्या जगाला, दिसू शकते. दुवे साठवून त्यांवर टॅग, म्हणजे विषय सांगणारे छोटे शब्द, लावू देणारे डीगो, पानाच्या मजकुरावर थेट टिपण लिहू देणारे हायपोथिसिस किंवा गटाने वाचण्यासाठी बनवलेले पेरुसॉल, ही सगळी साधने या एका फरकावर उभी आहेत. वर्गात ती फसतात तेव्हा दोष बहुधा बटणांचा नसतो. ही खूण कोण वाचणार आहे, हे शिक्षकाने आधी ठरवलेले नसते आणि विद्यार्थी आपापल्या परीने काहीतरी गृहीत धरून कामाला लागतात. पुढे दिलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे सापडते.

गट न निवडता लिहायला लावणे

हायपोथिसिस ब्राउझरमधून थेट उघडले की नव्या सभासदासमोर सार्वजनिक स्तर आधीच निवडलेला असतो. वर्गाचा खासगी गट शिक्षकाने तयार केलेला असला, तरी विद्यार्थ्याने यादीतून तो स्वतः निवडल्याशिवाय त्याचे टिपण गटात जात नाही. परिणामी निम्मा वर्ग गटात लिहितो, उरलेला निम्मा नकळत जगासमोर लिहितो, आणि दोन्ही बाजूंना वाटते की इतरांनी काम केलेलेच नाही. हा प्रकार माझ्या वर्गात पहिल्याच तासाला झाला होता. तेव्हापासून मी खऱ्या मजकुराआधी एक लहानसे सरावाचे पान देतो, प्रत्येकाला त्यावर गटात एका शब्दाची हजेरी लिहायला सांगतो आणि सगळ्यांच्या हजेऱ्या दिसल्यावरच पुढे जातो. त्यात पाच मिनिटे जातात, पण पुढचा आख्खा तास वाचतो. एखाद्याचे टिपण सार्वजनिक स्तरावर गेलेच, तर त्याला मजकूर कॉपी करून गटात नव्याने लिहायला लावावे आणि जुने टिपण काढून टाकायला सांगावे.

याच पहिल्या दिवशी सभासदनामाकडेही लक्ष द्यावे. मुले सवयीने पूर्ण नाव, जन्मवर्ष, शाळेचे नाव असे सगळे जोडून सभासदनाम बनवतात आणि ते प्रत्येक टिपणाखाली छापले जाते. टोपणनावे वापरावीत आणि कोणाचे कोणते, याची यादी शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावी. वयाचा प्रश्नही इथेच येतो. १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यावर अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने विशेष अटी घातल्या आहेत आणि त्यामुळे अनेक सेवा त्याहून लहान मुलांना खाते उघडू देत नाहीत. अशा वेळी खोटी जन्मतारीख टाकायला सांगणे सर्वस्वी चूक आहे. लहान मुलांच्या वर्गात शिक्षकाने आपल्या एकाच खात्यातून पान मोठ्या पडद्यावर उघडावे आणि मुले सांगतील ते टिपून घ्यावे. वाचनाचा हेतू त्यानेही साधतो.

रंगवणे म्हणजे वाचणे, असे समजणे

सगळ्यांत मोठी चूक हीच आहे, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा मजकूर रंगवण्याला त्यांनी कमी उपयोगाच्या पद्धतींत टाकले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागून करणे या पद्धती मात्र सर्वाधिक उपयोगी ठरल्या. कागदावरच्या पिवळ्या पेनाची ही मर्यादा ऑनलाइन रंगालाही लागू आहे. उलट ऑनलाइन रंगवणे इतके सोपे असते की परिच्छेदच्या परिच्छेद पिवळे होतात.

एकदा मी वर्गाला जमिनीतल्या पाण्याविषयीचा एक लेख दिला आणि ‘महत्त्वाचे वाटेल ते अधोरेखित करा’ असे सांगितले. तासाच्या शेवटी पान पडद्यावर घेतले, तर पहिले दोन परिच्छेद गडद पिवळे होते आणि शेवटचे चार कोरेच. टिपणांच्या रकान्यात ‘छान माहिती’, ‘बरोबर’, ‘सहमत’ असे एकेका शब्दाचे शेरे होते. चूक मुलांची नव्हती. महत्त्वाचे कशासाठी आणि कोणासाठी, हे मी सांगितलेच नव्हते. पुढच्या वेळी त्याच लेखावर मी तीनच गोष्टी मागितल्या: लेखकाचा दावा ज्या वाक्यात आहे ते वाक्य, त्या दाव्याला आधार देणारे वाक्य आणि तुम्हाला न कळलेला किंवा न पटलेला एक भाग. प्रत्येक खुणेसोबत ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे निदान एक वाक्य हवे, एवढी अट घातली. त्या दिवशी एका विद्यार्थिनीने ‘पातळी खाली गेली’ या तीन शब्दांवर बोट ठेवले आणि लिहिले, ‘कारण कधीपासून मोजली आणि किती विहिरींत, हे लेखात कुठेच नाही.’ तिच्याखाली पाच उत्तरे आली. वाचन सुरू झाल्याची खूण ती हीच.

रंगांना अर्थ द्यायचा असेल, तर तो सगळ्या वर्गासाठी एकच असावा आणि रंग दोन किंवा तीनांपलीकडे नेऊ नयेत. रंग ओळखायला अडचण असलेली मुले वर्गात असू शकतात, म्हणून रंगासोबत टिपणाच्या सुरुवातीला ‘दावा’, ‘आधार’, ‘शंका’ असा शब्दही लिहून घ्यावा.

एकाच पानावर सगळा वर्ग सोडणे

चाळीस जण एकाच पानावर लिहू लागले की लवकर आलेले विद्यार्थी सोप्या जागा घेतात आणि उशिरा आलेल्यांना नवीन सांगण्यासारखे काही उरत नाही. पाच-सहा जणांचे लहान गट करावेत, प्रत्येक गटाला तोच मजकूर द्यावा आणि ‘एक टिपण स्वतःचे, एक उत्तर दुसऱ्याला’ अशी अपेक्षा ठेवावी. शिक्षकाने सुरुवातीलाच ठिकठिकाणी सगळी टिपणे लिहून ठेवू नयेत. मग मुले मूळ मजकूर सोडून शिक्षकाचेच टिपण वाचत बसतात. मोजक्या दोन-तीन जागी प्रश्न पेरावेत आणि उत्तरे आल्यावर त्यात सहभागी व्हावे.

टॅग प्रत्येकाच्या मर्जीवर सोडणे

२००३ साली सुरू झालेल्या डिलिशस या दुवे साठवणाऱ्या सेवेने टॅग लोकप्रिय केले आणि लोकांनी आपल्या मनाने लावलेल्या टॅगांतून उभ्या राहणाऱ्या वर्गीकरणाला टॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये फोक्सोनॉमी हे नाव दिले. लाखो लोक एकत्र येतात तेव्हा हे मोकळेपण उपयोगी पडते, कारण त्यांतले नेहमीचे शब्द आपोआप वर येतात. चाळीस जणांच्या वर्गात तेवढी संख्याच नसते. ‘जलप्रदूषण’, ‘जलप्रदुषण’, ‘पाण्याचे प्रदूषण’ असे एकाच विषयाचे तीन कप्पे होतात आणि शोधताना कोणताही एकच हाती लागतो. शिवाय अनेक साधने रिकामी जागा दिसली की टॅग तिथे संपला असे मानतात, त्यामुळे ‘जल प्रदूषण’ असे तोडून लिहिणाऱ्याच्या खात्यात ‘जल’ आणि ‘प्रदूषण’ असे दोन वेगळे टॅग तयार होतात. म्हणून आठ-दहा टॅगांची यादी आधी ठरवून द्यावी, जोडशब्दांत मध्ये आडवी रेघ वापरावी आणि मुलांना टॅग हाताने टाइप करण्याऐवजी यादीतून कॉपी करायला सांगावे.

कॉपी करण्याचा आग्रह धरण्यामागे मराठीपुरते एक खास कारण आहे. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एका पद्धतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला जातो, तर दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकले जाते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. टॅग बरोबर असूनही दुवा सापडत नसेल, तर ही शक्यता जरूर तपासावी.

टॅगाइतकेच वर्णनही महत्त्वाचे आहे. दुवा जतन करताना त्याखाली दोन वाक्ये लिहिण्याची सवय लावावी: या पानात काय आहे, आणि आपल्या प्रकल्पात ते कुठे लागेल. नुसता दुवा तीन आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यालाही काही सांगत नाही, मग गटातल्या इतरांना काय सांगणार?

टिपणे दिसत नाहीत तेव्हा भलतीकडे शोधणे

‘सर, माझे टिपण गेले’ ही तक्रार आली की आधी लॉगिन आणि निवडलेला गट पाहावा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. ते दोन्ही बरोबर असेल, तर सगळ्यांनी एकच पत्ता उघडला आहे का, ते तपासावे. संदेशातून किंवा समाजमाध्यमातून आलेल्या पत्त्यामागे प्रश्नचिन्हानंतर माग काढणारे एक लांबलचक शेपूट असते आणि काही साधने अशा पत्त्याला वेगळे पान समजतात. ते शेपूट काढून पाहावे. मात्र काही संकेतस्थळांवर पानाची खरी ओळखच प्रश्नचिन्हानंतर येते, म्हणून काढल्यावर तेच पान उघडते याची खात्री करूनच दुवा वर्गाला द्यावा.

पान बदलले असेल, तर अडचण वेगळी असते. टिपण जोडताना हायपोथिसिस निवडलेले शब्द आणि त्यांच्या आगेमागचा थोडा मजकूर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच्या आधारे जागा शोधते. एखाददुसरा शब्द बदलला तरी जागा सापडते, पण वाक्यच काढून टाकले गेले असेल तर टिपण अनाथ होते आणि वेगळ्या कप्प्यात जाऊन पडते. ते नष्ट झालेले नसते. वारंवार बदलणारी बातमीची पाने म्हणूनच दीर्घ कामासाठी टाळावीत किंवा वापरण्याची मुभा असेल तिथे त्यांची पीडीएफ प्रत करून तीच सर्वांना द्यावी.

पीडीएफचीही स्वतःची पथ्ये आहेत. हायपोथिसिस फाइलच्या आतल्या एका ओळखचिन्हावरून पीडीएफ ओळखते. काम सुरू झाल्यावर शिक्षकाने फाइल लहान करण्यासाठी पुन्हा जतन केली, तर हे चिन्ह बदलू शकते आणि जुनी टिपणे नव्या प्रतीवर येत नाहीत. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूर नसतोच, असते ते चित्र. त्यावर शब्द निवडता येत नाहीत आणि आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची प्रक्रिया, करून घ्यावी लागते. युनिकोड या अक्षरांच्या आजच्या प्रमाण संकेतपद्धतीपूर्वीच्या फॉन्टमध्ये तयार झालेल्या मराठी पीडीएफमध्ये शब्द निवडता येतात, पण कॉपी केल्यावर अगम्य अक्षरे उमटतात आणि शोधही लागत नाही. याची परीक्षा सोपी आहे: एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावी, आणि ही परीक्षा तासाच्या आदल्या दिवशी, विद्यार्थ्याच्या खात्यातून आणि विद्यार्थी वापरतात त्याच यंत्रावर करावी. फोनच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे पूरक साधन, अनेकदा चालत नाही, हेही तेव्हाच कळते.

सेवा कायम राहील, असे धरून चालणे

डिलिशस २००५ मध्ये याहूने विकत घेतली, पुढे ती हातोहात फिरली आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क सेवेने घेतल्यावर तिथे नवे दुवे जतन करणे बंद झाले. मोझिलाने पॉकेट ही पाने नंतर वाचण्यासाठी साठवून ठेवणारी सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. जतन केलेली पानेही टिकतातच असे नाही: २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेला २०२४ मधील अभ्यासात आढळले. वर्षभराच्या प्रकल्पासाठी लागणारी पाने म्हणून वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून त्या प्रतीचा पत्ता बुकमार्कच्या वर्णनात लिहून ठेवावा.

सत्र संपताना प्रत्येक विद्यार्थ्याने आपले बुकमार्क आणि टिपणे फाइलच्या रूपात उतरवून घ्यावीत, आणि ती फाइल त्याच दिवशी उघडून पाहावी. एचटीएमएल स्वरूपातले बुकमार्क जवळपास कुठल्याही ब्राउझरमध्ये घेता येतात, पण काही ब्राउझर त्यातले फक्त नाव आणि पत्ता ठेवतात व टॅग, वर्णने सोडून देतात. मुलांनी लिहिलेली ती दोन-दोन वाक्ये हरवू नयेत, म्हणून साधनात सोय असेल तर सीएसव्ही, म्हणजे रकान्यांच्या साध्या तक्त्याच्या, स्वरूपातली आणखी एक प्रत काढावी आणि वर्णनाचा रकाना भरलेला आहे ना, हे पाहूनच खाते बंद करावे.